हवेशीर

स्विचबोर्डाला उदबत्ती ओवाळणारी बाई मी पहिल्यांदा ओटावात पाहिली.

जानेवारीतली सकाळ होती. बाहेर उणे बावीस. माझ्या धाकट्या बहिणीच्या घराचं पुढचं दार सताड उघडं होतं आणि त्या चौकटीत एक जाड लाल कापड ताणून बसवलेलं होतं. कापडाच्या तळाशी गोल भोक, भोकात घमेल्याएवढा पंखा, पंख्याला दोन बारीक नळ्या आणि आकडे दाखवणारं एक छोटं यंत्र. पंखा घरातली हवा ओढून बाहेर फेकत होता. बाई ऊर्जा-सल्लागार होती. पन्नाशीची, इंग्रजी बोलताना फ्रेंच हेल काढणारी. धूर सोडायची तिची स्वतःची पिचकारी नेमकी त्या दिवशी रिकामी निघाली, तेव्हा बहिणीनं देवघरातला उदबत्तीचा पुडा पुढे केला. बाईनं काडी पेटवली, वास घेतला, पसंतीची मान डोलावली आणि दिवाणखान्याच्या बाहेरच्या भिंतीवरच्या प्लगजवळ ती नेली. सरळ वर चढणारा धूर एकदम काटकोनात वळला आणि आडवा खोलीत आला. भिंतीच्या आत बसून कुणीतरी फुंकर घालत असावं तसा.

"दादा, बघितलंस? आणि हे म्हणतात मला उगाच थंडी वाजते," बहीण म्हणाली.

'हे' म्हणजे आमचे मेहुणे. थर्मोस्टॅटवरचा आकडा हा शेवटचा पुरावा मानणाऱ्यांपैकी. थर्मोस्टॅट २१ दाखवत होता आणि बहीण दोन स्वेटर घालून बसली होती. दोघांचंही खरं होतं, हे पुढच्या दोन तासांत कळत गेलं.

घर दीड मजली. कॅनडात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतल्या कामगारांसाठी आणि मग परतलेल्या सैनिकांसाठी अशी हजारो घरं भराभर उभी राहिली. त्यासाठी १९४१ मध्ये सरकारनं 'वॉरटाइम हाउसिंग लिमिटेड' नावाची कंपनीच काढली होती. ठरीव नकाशा, लाकडी सांगाडा, दोन बाजूंना उतरतं छप्पर आणि छपराच्या पोटात दोन खोल्या. बहिणीचं घर त्या सरकारी घरांपैकी नव्हे, पण त्याच साच्यातलं, पन्नासच्या दशकातलं. तेव्हा इंधन स्वस्त होतं. भिंतींच्या लाकडी खांबांमध्ये खनिज लोकरीची पातळशी गादी कोंबली की झालं काम.

घर घेताना तिनं मला व्हिडिओवर फिरवून दाखवलं होतं. मी पुण्यातून म्हटलं होतं, "छान आहे गं, हवेशीर वाटतंय."

आपल्याकडे घराला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. मी चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. छोट्या जाहिरातींच्या पानावर 'हवेशीर' हा शब्द किती वेळा तपासला असेल, त्याची गणती नाही. साताऱ्याकडच्या आमच्या जुन्या घरात माजघरावर माळवद होतं आणि स्वयंपाकघरावर कौलं. चुलीचा धूर कौलांच्या सांध्यांतून आपला आपण निघून जाई. खिडक्यांच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी होत्या आणि त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. घराच्या अंगातून हवा खेळणं ही आमच्या लेखी घराची तब्येत होती. ओटावातल्या बाईच्या लेखी तोच आजार होता.

तिच्या यंत्राला म्हणतात ब्लोअर डोअर. पंखा घरात बाहेरच्यापेक्षा ५० पास्कल कमी दाब तयार करतो. म्हणजे घराच्या सगळ्या बाजूंवर एकाच वेळी ताशी ३२ किलोमीटरचा वारा आदळावा, साधारण तितका. मग तो दाब टिकवायला पंख्याला किती हवा उपसावी लागते, ते मोजायचं. ही पद्धत १९७०च्या दशकात स्वीडनमध्ये सुरू झाली. बहिणीच्या घराचा आकडा नऊच्या आसपास आला. त्या दाबाखाली तासाभरात घरातली सगळी हवा नऊ वेळा बदलत होती. कॅनडाच्या आर-२००० या घरांच्या मानकात हा आकडा दीडच्या आत लागतो. जर्मनीच्या पॅसिव्ह हाऊसला तर ०.६. बाईनं नऊचा आकडा सांगितला तेव्हा मेहुण्यांचा चेहरा पोराच्या गणिताच्या मार्कांकडे बघावं तसा झाला.

मग तिनं पंखा बंद केला आणि मला म्हणाली, आता पंख्याशिवाय बघा. उदबत्ती घेऊन आम्ही जिन्यानं वर गेलो. माळ्याच्या झाकणाजवळ, छताला असलेल्या चौकोनी लाकडी फळीच्या कडेला, धूर शोषल्यासारखा वर ओढला गेला. मग खाली तळघरात. तिथं पायाच्या काँक्रीटवर लाकडी चौकट टेकते त्या सांध्याजवळ धूर आत ढकलला गेला. वर बाहेर, खाली आत. गरम हवा वर चढते, माळ्याच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला तळातून थंड हवा घरात घुसते. अख्खं घरच धुराडं झालेलं असतं. बहीण तीन वर्षं पाय गारठतात म्हणून गालिचे विकत घेत होती. तिचे पाय गारठत होते ते डोक्यावरच्या भोकामुळे.

इन्सुलेशन म्हणजे काय, हे गोधडीत झोपलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गोधडीची ऊब लुगड्यात नसते. थरांच्या मध्ये अडकून बसलेल्या, हलता न येणाऱ्या हवेत असते. फायबरग्लास असो, कागदाचा भुगा असो, रासायनिक फेस असो, सगळे हवेला जागच्या जागी बसवून ठेवायचे प्रकार. गोधडीला भोक पडून त्यातून वारा शिरला किंवा ती ओली झाली, की तिचा उपयोग संपला. भिंतीतल्या गादीचंही तेच. बहिणीच्या घरात ती गादी होती. तिच्यातून वारा शिरत होता, आणि काही ठिकाणी ती ओलीही होत होती. ते आम्हाला माळ्यावर दिसलं.

त्याआधी बर्फाच्या सुळ्यांची गोष्ट सांगायला हवी. मी पोचलो त्या दिवशी घराच्या वळचणीला हातभर लांब सुळे लटकलेले होते, काचेच्या झुंबरासारखे. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले, सोळा जणांनी हृदयं पाठवली. शेजारचे आजोबा फावड्यानं बर्फ ओढत होते. त्यांनी मला फोटो काढताना पाहिलं आणि नुसतं आपल्या छपराकडे बोट दाखवलं. त्यांच्या वळचणीला एकही सुळा नव्हता, छपरावर मात्र अखंड जाड बर्फ. घरातली ऊब माळ्यात गळते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी ओघळत वळचणीपर्यंत येतं आणि तिथं खाली ऊब नसल्यानं पुन्हा गोठतं. त्याचा बांध होतो. बांधामागं पाणी साठतं आणि पत्र्याखालून, पट्ट्यांखालून घरात उतरतं. म्हणजे मी ज्याचे फोटो काढले, ते बहिणीचं गॅसचं बिल होतं.

माळ्यावर चढण्याआधी बाईनं झाकण जरासं सरकवून टॉर्च मारला आणि बराच वेळ नुसतं पाहिलं. ती अभ्रकासारखे चमकणारे खडे शोधत होती. व्हर्मिक्युलाइट नावाचं हे खनिज भाजून फुगवलेलं असतं आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर पोत्यांनी ओतलेलं सापडतं. त्यातलं पुष्कळसं अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतून आलं, आणि त्या खाणीतल्या खनिजात ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. ती खाण १९९० मध्ये बंद झाली, पण माळ्यांवर टाकलेला माल अजून तिथंच आहे. तो दिसला तर हात लावायचा नाही, नमुना तपासून घ्यायचा. बहिणीच्या माळ्यावर तो नव्हता. गुलाबी फायबरग्लासच्या जुन्या, दबलेल्या गाद्या होत्या.

आणि खिळ्यांवरची फुलं होती. छपराच्या फळ्यांतून आत आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर बर्फाचा पांढरा गुच्छ फुललेला. टॉर्चच्या उजेडात शेकडो खिळे, शेकडो गुच्छ. इतकं सुंदर दृश्य मी त्या घरात दुसरं पाहिलं नाही. बाई म्हणाली, हे तुमच्या आंघोळीचं पाणी आहे. खरंच होतं. न्हाणीघराच्या पंख्याची नळी बाहेर न काढता आधीच्या कुणा मालकानं माळ्यातच सोडून दिली होती. वाफ वर गेली, थंडगार लोखंडावर गोठली, आणि फेब्रुवारीत एखादा उबदार दिवस आला की ती सगळी फुलं एकदम वितळून छतावर ठिबकत. मागच्या वर्षी मेहुण्यांनी छप्पर गळतंय म्हणून माणूस बोलावला होता. त्यानं दोन पट्ट्या बदलल्या आणि पैसे घेऊन गेला.

पाण्याचा हा हिशेब इथल्या घरबांधणीचा गाभा आहे, आणि आपल्या माणसांच्या घरात तो जरा जास्तच लागतो. २१ अंशांची हवा एका घनमीटरमागे सुमारे १८ ग्रॅम बाष्प सांभाळू शकते. उणे वीसची हवा जेमतेम एक ग्रॅम. कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, वरणाचं आधण, घरात वाळत घातलेले कपडे, यांचं बाष्प उबदार हवेत बिनबोभाट राहतं. ती हवा भिंतीतल्या फटीतून बाहेरच्या बाजूला सरकू लागली की वाटेत कुठंतरी अशी जागा येते जिथं तिला ते ओझं टाकून द्यावं लागतं. ती जागा भिंतीच्या पोटात, इन्सुलेशनच्या आत असते. गादी भिजते, लाकूड कुजतं, बुरशी धरते, आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून थंड प्रदेशात इन्सुलेशनच्या आतल्या, उबदार बाजूला बाष्प अडवणारं प्लॅस्टिक लावतात. पण वाफ पृष्ठभागातून झिरपते त्याच्या कितीतरी पट फटींतून वाहून जाते. प्लॅस्टिक शाबूत आणि प्लगभोवती भोक, म्हणजे रेनकोट घालून, बटणं उघडी ठेवून पावसात उभं राहणं.

आता निवडीकडे येऊ, कारण घरात खरं भांडण त्यावरच होतं. बाई येण्याआधी दोन विक्रेते येऊन गेले होते. पहिला खिडक्यांवाला. त्याचं म्हणणं, सगळ्या खिडक्या तीन काचांच्या करा, थंडी गायब. दुसरा फेस फवारणारा. त्याचं म्हणणं, भिंत-छत-तळघर जिथं जागा दिसेल तिथं फेस. दोघांकडे गुळगुळीत माहितीपत्रकं होती, दोघांचा भाव त्याच आठवड्यापुरता होता. दोघांपैकी एकानंही माळ्यावर चढून पाहिलं नाही.

खिडकी बदलायचा मोह का होतो ते मला कळतं. ती दिसते. पाहुण्यांना दाखवता येते. पण जुनी दोन काचांची खिडकी काढून चांगली नवी बसवली तरी तिचं आर-मूल्य दोनावरून तीन-चारावर जातं, आणि खर्च मात्र सगळ्या कामांत सर्वांत मोठा. आर-मूल्य म्हणजे उष्णतेला अडवण्याची ताकद, जितकं जास्त तितकं बरं. फायबरग्लासला इंचामागे तीन-सव्वातीन, फुंकून भरलेल्या कागदी भुग्याला साडेतीनच्या वर, दगडी लोकरीला चार, थर्माकोलच्या पांढऱ्या पाट्यांना तेवढंच, निळ्या-गुलाबी घट्ट पाट्यांना पाच, बंद कोशांच्या फवारलेल्या फेसाला सहा. खिडक्यांसाठी बाईनं सुचवलेला उपाय स्वस्तातला होता. लाकडी चौकटीला दुहेरी चिकटपट्टीनं पारदर्शक पातळ पडदा लावायचा आणि केस वाळवायच्या ड्रायरनं तो तापवायचा. सुरकुतलेलं प्लॅस्टिक ड्रायरच्या वाऱ्याखाली हळूहळू ताणलं जातं आणि ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं. भाचीनं त्या दिवशी पाच खिडक्या अशा ताणल्या आणि प्रत्येकीवर टिचकी मारून आवाज ऐकला.

फेसाचं प्रकरण कॅनडात जुनं आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर सरकारनं घरांच्या इन्सुलेशनसाठी अनुदान सुरू केलं, आणि जुन्या भिंतींना भोकं पाडून युरिया-फॉर्मल्डिहाइडचा फेस भरायचा धडाका लागला. काम झटपट, भिंत फोडायला नको. पण तो फेस घरातच मिसळून भरला जाई आणि प्रमाण चुकलं की त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटे. डिसेंबर १९८० मध्ये सरकारनं त्याच्यावर बंदी घातली. त्याच सरकारनं अनुदानातून तो भिंतींत भरायला हातभार लावला होता. पुढे कित्येक वर्षं घर विकताना 'यात तो फेस आहे का' हा प्रश्न कागदपत्रांवर छापलेला असे. आजचे फेस वेगळ्या रसायनाचे आहेत आणि योग्य जागी ते उत्तम काम देतात. पण भिंतीत एकदा भरलेली वस्तू परत काढणं सोपं नसतं.

त्याच घाईच्या दशकात सास्काचेवान प्रांतात काही माणसांनी उलट्या बाजूनं विचार केला. तिथला हिवाळा ओटावाहून कडक. १९७७ मध्ये रेजायना शहरात 'सास्काचेवान कॉन्झर्व्हेशन हाऊस' उभं राहिलं. त्यामागच्या चमूत नॅशनल रिसर्च कौन्सिलचे हॅरल्ड ऑर होते. भिंती बारा इंच जाड, आर-४४. छत आर-६०. घरात भट्टी नाही. आणि घर इतकं घट्ट की त्याला श्वास देण्यासाठी वेगळं यंत्र बसवावं लागलं. आत येणारी थंड हवा आणि बाहेर जाणारी गरम हवा एकमेकींना न मिसळता शेजारून जातात, जाणारी आपली ऊब येणारीला देऊन जाते. सूर्याची ऊब साठवायची यंत्रणाही त्या घरात होती. ती महाग आणि कटकटीची ठरली. जाड भिंती, बुजवलेल्या फटी आणि ते हवेचं यंत्र मात्र टिकलं. १९९१ मध्ये जर्मनीत डार्मस्टाटला पहिलं पॅसिव्ह हाऊस राहतं झालं, त्यामागच्या लोकांनी रेजायनाचं ऋण उघडपणे मान्य केलं. ऑर यांचा आणखी एक उद्योग मला फार आवडतो. १९८२ मध्ये सास्काटूनमधल्या एका जुन्या घराची पुढे आलेली वळचण त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चक्क यांत्रिक करवतीनं कापून टाकली. मग घराला बाहेरून अखंड प्लॅस्टिक गुंडाळलं, त्यावर इन्सुलेशनचा नवा सांगाडा चढवला आणि नवी वळचण जोडली. घराला स्वेटर घालायचा तर आधी त्याचे पसरलेले हात खाली करायला हवेत.

बहिणीच्या घरावर करवत चालवायची गरज पडली नाही. पण बाईच्या यादीत पहिलं नाव होतं ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पाणी तापवायची टाकी.

तळघरात गॅसवर चालणारी जुनी टाकी होती. तिचा धूर धुराड्यातून आपोआप वर जाई, त्याला ढकलणारा पंखा नव्हता. बाईनं स्वयंपाकघराचा पंखा लावला, न्हाणीघराचा लावला, कपडे वाळवायचं यंत्र सुरू केलं, आणि टाकी पेटल्यावर तिच्या डोक्यावरच्या टोपीजवळ उदबत्ती धरली. धूर वर जाण्याऐवजी खाली, आमच्याकडे आला. काही क्षण तसाच घुटमळला, मग वर गेला. तेवढ्यात मेहुणे गप्प झाले होते. बाई म्हणाली, आत्ता घर गळकं आहे म्हणून तुम्ही वाचताय. फटी बुजवल्या आणि ही टाकी तशीच ठेवली, तर पंखे हवा धुराड्यातून खाली ओढतील आणि तिच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड येईल. आधी टाकी बदला, मग मला बोलवा.

हा क्रम कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता. फटी बुजवण्याआधी घरात जळणारी प्रत्येक वस्तू तपासायची. मग फटी. इन्सुलेशन त्यानंतर. कॅनडा सरकारची 'कीपिंग द हीट इन' नावाची एक जुनी मार्गदर्शक पुस्तिका आहे. तिच्यातही हवेच्या गळतीचं प्रकरण इन्सुलेशनच्या प्रकरणांच्या आधी येतं. मेहुण्यांनी ती डाउनलोड करून ठेवली होती आणि थेट आर-मूल्यांच्या तक्त्यापासून वाचायला घेतली होती.

अनुदानाचं थोडक्यात सांगतो. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारनं घरांसाठी ५,००० डॉलरपर्यंतचं अनुदान सुरू केलं होतं, कामाच्या आधी आणि नंतर अशी तपासणी बंधनकारक होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे अर्ज घेणं थांबलं. मेहुणे अर्ज भरायला बसले ते त्यानंतर. त्यावर घरात जे बोलणं झालं ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही.

माळ्यावर किती जाड थर घालायचा, याचं गणित एका रात्री आम्ही जेवणाच्या टेबलावर केलं. हिशेबाच्या सोयीसाठी छत शंभर चौरस मीटरचं धरलं, आतबाहेर ४० अंशांचा फरक. जुन्या, दबलेल्या आर-११च्या गादीतून साधारण २,००० वॅट उष्णता जाते. म्हणजे आपल्याकडचा न्हाणीघरातला गीझर माळ्यावर दिवसरात्र चालू. थर दुप्पट केला की १,००० वॅट. आणखी दुप्पट केला की ५००. पहिल्या दुपटीत हजार वाचले, दुसरीत पाचशे, तिसरीत अडीचशेच वाचतील. म्हणून कुठंतरी थांबावं लागतं, आणि तिथल्या हवामानाला आर-६० ही थांबायची जागा बरी पडते. मेहुण्यांना हे पटलं. मग बहिणीनं विचारलं, "आणि ते माळ्याचं झाकण?" ते नुसत्या फळीचं. आम्ही तेही मांडून पाहिलं. बाकी सगळं छत आर-४० केलं आणि एक चौरस मीटरचं झाकण तसंच उघडं ठेवलं, तर शंभरातल्या त्या एका मीटरातून छतावाटे जाणाऱ्या एकूण उष्णतेचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणावर थर्माकोलच्या पाटीचे दोन थर चिकटवलेले होते आणि कडेला रबराची पट्टी होती. हे काम बहिणीनं केलं.

दीड मजली घराचा खरा डोकेदुखीचा भाग म्हणजे वरच्या खोलीतली बुटकी भिंत. उतरतं छप्पर जमिनीला भिडायच्या आधी कमरेएवढ्या उंचीची उभी भिंत घालतात, तिच्यामागे तिकोनी पोकळी उरते. तिथं बॅगा, जुने खेळ आणि गणपतीचं मखर ठेवतात. पोकळी बाहेरच्या हवेला मोकळी असते, आणि तिची जमीन म्हणजेच खोलीच्या फरशीखालच्या तुळया. बुटक्या भिंतीला कितीही जाड गादी लावा, तुळयांच्या मधून वारा खोलीच्या फरशीखाली आरपार जातो. भाचीचा पलंग बरोबर त्यावर होता. ती आपल्या खोलीला 'फ्रीज' म्हणे आणि आईवडील ते नाटक समजत. उपाय कंटाळवाणा होता. पोकळीत रांगत जायचं, प्रत्येक दोन तुळयांच्या मध्ये मापानं कापलेला फोमचा तुकडा भिंतीच्या बरोबर खाली उभा बसवायचा आणि कडा फेसानं सील करायच्या. एका बाजूला सतरा, दुसऱ्या बाजूला सतरा. तुकडे मेहुण्यांनी कापले, पोकळीत एक बारीक अंगाचा कारागीर शिरला. उतरत्या छताला आतून दोन इंची पाट्या लावल्या, कारण वर छपराच्या फळ्यांखाली हवेची वाट मोकळी ठेवावी लागते आणि उरलेली जागा फारच थोडी असते. डोक्यावरची उंची दोन इंचांनी घटली. उंच मेहुणे तिथं आधीही डोकं आपटून घेत होतेच.

माळ्याचं मुख्य काम मे महिन्यात झालं. मी तेव्हा पुण्यात होतो, बहिणीनं व्हिडिओ पाठवला. एक ट्रक, दोन तरुण, जाड लांबच लांब नळी. ट्रकमध्ये गठ्ठे फोडून टाकत होते आणि नळीतून माळ्यावर करडा कापूस उडत होता. तुळयांना कागदी मोजपट्ट्या ठोकलेल्या, थर सोळा-सतरा इंचांवर आला की थांबायचं. तो करडा कापूस म्हणजे वर्तमानपत्रांची रद्दी. बारीक दळलेली आणि आगीला, किड्यांना नको म्हणून बोरेटचे क्षार लावलेली. आयुष्यभर मी जे छापलं ते दुसऱ्या दिवशी भेळेच्या पुड्यात जातं हे मला माहीत होतं आणि त्याचा राग नव्हता. पण कुणाचे तरी अग्रलेख एका घराच्या डोक्यावर सतरा इंच जाडीनं पन्नास वर्षं ऊब धरून राहणार, हे पाहून जरा बरं वाटलं. न्हाणीघराची नळी त्याआधी छपरातून बाहेर काढली होती, तिच्याभोवतीही रद्दीच.

तळघर पावसाळ्यासारखं असतं, त्याचं काम कधी पुरं होत नाही. त्या भागातल्या घरांत एकूण उष्णतेचा पाचवा हिस्सा किंवा जास्तच तळघरातून जातो, कारण उघडं काँक्रीट थंडीला जवळपास अडवतच नाही. पायावर टेकलेल्या लाकडी कडेला फोमचे तुकडे लावून झाले. भिंती राहिल्या आहेत. काँक्रीटला थेट फायबरग्लासची गादी टेकवली की ती ओल धरते, म्हणून आधी फोमची पाटी, मग लाकडी सांगाडा. त्याहीआधी एका कोपऱ्यात वसंतात जे पाणी पाझरतं ते थांबवायचं आहे. बाहेरच्या भिंतींना पुढच्या दहा वर्षांत हात लावायचा नाही. बाहेरचं आच्छादन बदलायची वेळ येईल तेव्हाच त्यांना बाहेरून स्वेटर. हे बाईच्या यादीतलं सगळ्यात शहाणं वाक्य होतं असं मला वाटतं. घरातली कामं ज्या मुहूर्तावर नाहीतरी निघणार असतात, त्याच मुहूर्तावर इन्सुलेशन उरकून घ्यावं.

काम संपल्यावर बाई पुन्हा लाल कापड घेऊन आली. आकडा पाचाच्या खाली आला होता. तेवढ्या घट्टपणाला हवेचं ते अदलाबदलीचं यंत्र बसवणं बरं, असं तिनं सुचवलं. मेहुण्यांनी लगेच ऐकलं. टाकीच्या प्रसंगापासून ते तिचं सगळंच लगेच ऐकत. नवी टाकी विजेवर चालते.

यंदा संक्रांतीला मी पुन्हा ओटावात होतो. वळचणीला सुळे नव्हते. उत्तरेच्या कोपऱ्यात मात्र एक होता, बारीक, आणि तो का आहे याचा उलगडा अजून कुणाला झालेला नाही. शेजारच्या आजोबांनी त्याच्याकडेही बोट दाखवलं. भाचीनं आपल्या खोलीचं नाव बदललं नाही, पण फरशीवर अनवाणी बसून अभ्यास करते. गॅसचं बिल किती उतरलं ते मेहुण्यांना विचारलं की ते तक्ता उघडतात. सगळे हिवाळे सारखे नसतात म्हणून नुसतं बिल बघून चालत नाही, असं ते सांगतात. रोजचं सरासरी तापमान १८ अंशांच्या किती खाली गेलं, त्याची बेरीज करायची. ओटावात वर्षाची ही बेरीज साडेचार हजारांच्या आसपास येते. त्या बेरजेनं बिलाला भागायचं. त्यांचा भागाकार चालू होता तोवर बहीण स्वयंपाकघरात गेली.

ती एका स्वेटरवर होती. कढईत तीळ तडतडत होते, शेजारच्या शेगडीवर गुळाचा पाक. कुणीतरी दाराशी आलं, दोन मिनिटं बोलण्यात गेली, आणि पाक लागला. जुन्या घरात तो धूर फटींतून आपला आपण गेला असता. आता तो कुठंच गेला नाही. छताखाली निळसर थर साचला आणि वरची घंटा कर्कश वाजायला लागली.

"अगं, ते यंत्र जोरात कर, बटण आहे!" मेहुणे तक्त्यावरून ओरडले.

बहिणीनं बटणाकडे पाहिलंही नाही. ओट्यावरची खिडकी तिनं पूर्ण उघडली. ताणलेला पडदा फाटकन फाटला, बाहेरची उणे सतराची हवा आत आली आणि ती ताटलीनं धूर बाहेर वारू लागली.

"दादा," ती म्हणाली, "वड्या थापायला ये. पाक जळका आहे, पण होतील."